हेंद्रेचं कॅरल

"मेल, तुमच्याकडे वीज आली का गं आता?"

चष्म्याच्या दुकानातली डेनिझ असं काहीतरी रोज विचारायची. वाईट नव्हती ती. मेलेरीच्या वाढदिवसाला स्वतःच्या हातानं केक करून आणणारी बाई. पण वेल्समधून आलेली पोरगी समोर दिसली की तिच्या जिभेला खाज सुटायची. आणि मेलेरी हसायची. नुसती हसायची नाही, वर स्वतः भर घालायची. "वीज आलीय, पण मेंढ्यांना विचारल्याशिवाय दिवा लावत नाही आम्ही." सगळं दुकान खिदळायचं. मग संध्याकाळी घरी येऊन, बूटही न काढता, माझ्या पलंगाच्या कडेला टेकून म्हणायची, "नॉन, मी आज पुन्हा मेंढ्यांवर विनोद केला."

"चांगला होता का तरी?"

"सगळे हसले."

"मग जेव."

नॉन म्हणजे मी. मेलेरी हेंद्रेची, मी पेन्त्रेची, मधे एक ओढा. आमच्या खोऱ्यात आडनावाला कोणी विचारत नाही, माणूस शेताच्या नावानं ओळखला जातो. तिचे वडील इद्वल हेंद्रे, भाऊ तेगिद हेंद्रे, आणि ती मेलेरी हेंद्रे. लिव्हरपूलला आल्यावर हेंद्रे गळालं, मग मेलेरीतलं अर्धं गळालं. उरली मेल. मी एका बेकरीत कामाला होते. तिथे माझ्या नावातून काढण्यासारखं काही नव्हतं म्हणून वाचलं.

एकदा मात्र दुकानातली गोष्ट हसण्यावारी गेली नाही. वेल्समधल्या बाला गावाकडची एक म्हातारी डोळे तपासायला आली होती. लेक गाडी लावायला गेलेला. अंधाऱ्या खोलीत तिला खुर्चीवर बसवलं, समोर अक्षरं उजळली, आणि म्हातारी गांगरून आपल्याच भाषेत ती वाचायला लागली.

"काय बडबडतेय ही?" डेनिझनं विचारलं.

मेलेरीला एकेक अक्षर कळत होतं. सगळी बरोबर होती. ती म्हणाली, "कुणास ठाऊक. घाबरलीय वाटतं." आणि बहिऱ्या माणसाशी बोलावं तशा मोठ्या आवाजात, इंग्रजीत, "आजी, परत एकदा वाचा बघू."

म्हातारीनं परत वाचलं. इंग्रजीत, चाचपडत. या वेळी चुकली. निघताना मेलेरीच्या मनगटावर हात ठेवून आमच्या भाषेत हळूच म्हणाली, "तुझा हेल ओळखीचा वाटला गं मला. म्हातारपण, दुसरं काय."

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"काळजी घ्या म्हणाले. इंग्रजीत."

ती भांडी घासत होती. धुतलेलीच ताटली पुन्हा पुन्हा धूत होती. त्याच आठवड्यात ती गुरुवारच्या मंडळींत जायला लागली.

शहरात आपल्या लोकांचं एक जुनं चॅपल आहे. त्याच्या मागच्या खोलीत दर गुरुवारी तरुण मुलं जमायची. चहा, केक, गाणी, गप्पा, सगळं वेल्शमध्ये. पुढारी म्हणजे येस्टिन. वेल्सच्या राजधानीतला, कार्डिफचा, वकिलाच्या कचेरीत नोकरीला, उंच, आणि बोलणं असं की प्रत्येक वाक्य इस्त्री करून आणलेलं. त्याची मैत्रीण माबली, तीही कार्डिफची. या मुलांच्या घरी वेल्श होती, शाळा वेल्श होती, कपाटं भरून पुस्तकं वेल्श होती. आमच्या घरी वेल्श होती म्हणजे काय, तर मेंढ्यांना, कुत्र्याला आणि एकमेकांना ओरडायला होती.

पहिल्याच गुरुवारी मेलेरी म्हणाली, "दूध फ्रिजमध्ये ठेवू का?" तर येस्टिन हसून म्हणाला, "आपल्याकडे त्याला शब्द आहे बरं का!" आणि तो शब्द सांगितला. मेलेरीनं तो शब्द फक्त शाळेच्या परीक्षेत लिहिला होता. मग ती ट्रॅक्टरबद्दल काहीतरी बोलली. त्यात तिच्याही नकळत निम्मे शब्द इंग्रजी आले, आमच्याकडे येतात तसे. माबली टाळी वाजवून म्हणाली, "किती गोड! अगदी अस्सल! पुन्हा बोल ना!"

माबलीच्या मनात काही वाकडं नव्हतं. पण अस्सल म्हणून ज्याला दाखवतात त्याला पुढे बोलायचं सुचत नाही. दुकानात मेलेरी फार वेल्श होती, इथे पुरेशी नव्हती. आता ती गुरुवारीही बूट न काढता माझ्या पलंगावर येऊन बसायला लागली.

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी मीही गेले होते. तिथला केक चांगला असतो. येस्टिन म्हणाला, "मंडळी, या वर्षी आपण प्लगाइनसाठी मेळा काढू या."

"मी नुसतं नाव ऐकलंय," माबली म्हणाली. "म्हणजे नाताळात चर्चमध्ये गातात ते ना? मेलेरी, तू त्याच खोऱ्यातली ना गं?"

सगळ्या माना मेलेरीकडे वळल्या. ती आधी लाजली. मग बोलायला लागली, आणि बोलता बोलता उठून उभी राहिली. "पाद्री छोटी प्रार्थना म्हणतात. मग म्हणतात, प्लगाइन आता खुली आहे. आणि जाऊन बसतात. पुढे कोणी काही बोलत नाही. कोणी नाव पुकारत नाही, कोणी कोणाला बोलावत नाही. ज्याला जायचं तो मेळा आपला आपण उठतो. बाप-लेक, बहिणी, शेजारी, असे. पुढे जाऊन उभे राहतात. एकानं नादकाटा वाजवून सूर घ्यायचा, बाकी पेटी नाही, काही नाही. गायचं. टाळ्या नाहीत. परत येऊन बसायचं. मग दुसरे उठतात. सगळ्यांचं झालं की त्याच क्रमानं पुन्हा एकदा. आणि एकदा गायलेलं कॅरल त्या दिवशी पुन्हा कोणी गात नाही. म्हणजे नाहीच. आपल्याआधी कोणी गायलं, तर आपण दुसरं शोधायचं."

खोलीत कोणी केक खात नव्हतं. तिच्या तोंडून फ्रिज, ट्रॅक्टर, काय काय येऊन गेलं असेल, कोणाचं लक्ष नव्हतं.

एक गोष्ट मात्र तिनं सांगितली नाही. प्रत्येक घराचं एक आपलं कॅरल असतं. पुस्तकात नसलेलं, तोंडातून तोंडात आलेलं. त्याला दुसरं घर हात लावत नाही. लावू नये असं कुठे लिहिलेलं नाही. तसं तर दुसऱ्याच्या ताटातलं उचलू नये असंही कुठे लिहिलेलं नाही.

"तुमच्याकडचं एखादं जुनं येतं का तुला?" येस्टिननं विचारलं. "छापलेलं नको. छापलेलं सगळेच गातात."

मी मेलेरीकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. आणि ती गायला लागली.

"उठा, दारं उघडा, अजून उजाडलेलं नाही." तिथून सुरू होतं हेंद्रेचं कॅरल. मग पहिल्या पापाच्या बागेत जातं, सापाकडे, सफरचंदाकडे, मग गोठ्यात, मग क्रुसावर, आणि फिरून दारापाशी येतं. लांबलचक आहे. हेंद्रेच्या कुठल्याशा खापरपणज्याच्या भावानं रचलेलं, मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्या माणसानं. तीन आवाजांचं. इद्वलचा खालचा, तेगिदचा मधला, आणि वरचा तिच्या आजीचा होता, आजी गेल्यावर तिच्याकडे आला. तो वरचा सूर गोठ्याच्या कडव्यात चढतो आणि तिथेच राहतो, उतरतच नाही. त्या खोलीत ती तो एकटी गात होती.

संपलं तेव्हा येस्टिनचे डोळे ओले होते. "हे कोणाचं आहे?"

"आमच्याकडचं. जुनं आहे."

"हो, पण कोणाचं?"

"असंच," मेलेरी म्हणाली. "सगळेच गातात."

मी हातातला केक खाली ठेवला.

परतताना बसमध्ये मी म्हटलं, "सगळेच गातात?"

"नॉन, प्लीज."

"माझ्या बापानं नुसतं गुणगुणून दाखवावं ते. तुझे बाबा ओढा ओलांडून येतील."

"ही मुलं इथेच गाणार आहेत, त्या चॅपलमध्ये. तिकडे कोणाला कळतंय?"

"मग बाबांना विचार ना एकदा. नाही म्हणायचे नाहीत ते."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "आज पहिल्यांदा माझ्यावर कोणी हसलं नाही गं."

हे सगळं इतकं मोठं का, ते सांगते. दोन वर्षं झाली, हेंद्रेचं कॅरल झालंच नव्हतं. आमच्या गावची प्लगाइन नाताळानंतर, जानेवारीत असते. दोन्ही जानेवारींत मेलेरीनं फोन करून "सुट्टी नाही बाबा" म्हणून सांगितलं होतं. खरं तर सुट्टी होती. गावी गेलं की परत आल्यावर आठवडाभर जीभ वळत नाही, दुकानात हेल बाहेर पडतो, म्हणून जायची नाही. वरच्या सुराशिवाय ते कॅरल उभंच राहत नाही. मग इद्वल आणि तेगिद दोघं एक लहानसं गाऊन परत येऊन बसायचे, आणि चर्चमधून बाहेर पडताना कोणीतरी विचारायचंच, "पोरीचं काम जास्त असेल ना?" इद्वल म्हणायचा, "हो, फार."

यंदा तिनं फोन केला. "बाबा, मी येतेय."

"बरं," इद्वल म्हणाला, आणि फोन ओल्वेनच्या, म्हणजे तिच्या आईच्या हातात दिला.

"अगं, काय सांगितलंस तू त्यांना?" ओल्वेन म्हणाली. "गोठ्यात जाऊन गाताहेत. कुत्रा घाबरलाय."

दर गुरुवारी मेलेरीनं मंडळींकडून ते कॅरल बसवून घेतलं, आणि आणखी एक छोटंही. नाताळ झाला. नव्या वर्षाच्या पहिल्या गुरुवारी येस्टिन टेबलावर थाप मारून म्हणाला, "बातमी आहे! मिनीबस ठरली. आपण पुढच्या शुक्रवारी मेलेरीच्या गावच्या प्लगाइनला जातोय. कोणीही गेलेलं चालतं ना गं? तूच म्हणाली होतीस, दार उघडं असतं."

मेलेरीच्या तोंडचं पाणी पळालं. "तिथे... तिथे दुसरं काहीतरी गा ना. ते छोटं बसवलंय ते."

"का? तुमच्या लोकांना तुमचंच ऐकवण्यात मजा आहे!"

टेबलाखालून मी तिला लाथ मारली. तिनं तोंड उघडलं. "जानेवारीत घाटातला रस्ता फार खराब असतो," ती म्हणाली.

घरी आल्यावर मी कोटसुद्धा काढला नाही. "तू सांगतेस की मी सांगू?"

"मी सांगते. शप्पथ. तू मधे पडू नकोस, नॉन. मीच सांगणार."

शुक्रवारी दुपारी आम्ही गावी पोचलो, तोवर तिनं सांगितलेलं नव्हतं. येस्टिनला नाही, वडिलांना नाही. स्वयंपाकघरात तिघांनी एकदा तालीम केली, मी ओट्यापाशी बटाटे सोलत ऐकली. मेलेरी असं गायली की ओल्वेननं डोळ्याला पदर... पदर कुठला, ॲप्रन लावला. इद्वल फक्त म्हणाला, "आहे अजून."

चर्चमध्ये शेगडी पेटवलेली होती तरी श्वास दिसत होता. हेंद्रेवाले त्यांच्या नेहमीच्या बाकावर, मी मागच्या. मला सूर नाही. पेन्त्रेची माणसं ऐकायलाच जन्माला आलीत. दार करकरलं आणि येस्टिन, माबली, मागून आणखी चौघं आत आले, रंगीत मफलर, लाल नाकं. माबलीनं मेलेरीला हात केला. मेलेरीनं बाकावरचं प्रार्थनेचं पुस्तक उचलून तोंडासमोर धरलं.

"कोण गं ही?" ओल्वेननं विचारलं.

"लिव्हरपूलची मंडळी."

"तुझी? अगं मग ओळख करून दे की नंतर!"

पाद्री म्हणाले, प्लगाइन आता खुली आहे. आणि जाऊन बसले.

मेलेरी वडिलांच्या कानाला लागली. मला मागून ऐकू येत होतं. "बाबा, आपण पहिले जाऊ या."

"काय?"

"आत्ता. उठा ना."

"हेंद्रे कधी पहिले गेलेत? आपण शेवटून दुसरे."

"यंदा जाऊ या ना. बाबा. प्लीज."

"घाई कसली तुला? गाडी पकडायचीय का?" तेगिद म्हणाला.

"घसा तापू दे जरा," इद्वल म्हणाला, प्रेमानं, आणि तिच्या गुडघ्यावर थोपटलं.

पहिला मेळा झाला, दुसरा झाला. मग येस्टिन उठला.

सहा जण पुढे जाऊन अर्धगोल उभे राहिले. नादकाट्याचा बारीक नाद आला. आणि मग, "उठा, दारं उघडा, अजून उजाडलेलं नाही."

मी नाटकं पुष्कळ पाहिलीत. पण भरलेलं सभागृह असं दगड झालेलं कुठे पाहिलं नाही. कोणी वळून हेंद्रेच्या बाकाकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. पोस्टातल्या ॲन्वेनबाई आपल्या हातमोज्यांकडे बघत होत्या, पुढचा म्हातारा छताकडे, पाद्री बुटांकडे. एवढ्या माणसांनी इतक्या काळजीनं न बघणं म्हणजे काय असतं, ते मेलेरीच्या मानेकडे बघून कळत होतं. ती मागून लाल झाली होती, कानांच्या पाळ्यांपर्यंत.

"हे आपलं आहे," तेगिद कुजबुजला. "बाबा, हे आपलं..."

इद्वलनं त्याच्या हातावर हात ठेवला.

गायले ते चांगले, हे आणखी वाईट. आवाज तयार होते, उच्चार स्वच्छ. फक्त मधली कडवी गाळली होती. माबलीला कॅरल फार लांब वाटलं होतं. साप नव्हता, सफरचंद नव्हतं. बागेतून एकदम गोठ्यात. वरचा सूर माबलीनं घेतला, चढली, आणि दमल्यावर उतरली.

मग बाकीचे मेळे. मग हेंद्रेची वेळ आली.

वेळ आली म्हणजे कोणी काही म्हणालं नाही. नुसती शांतता पडली. प्रत्येकाला ठाऊक होतं की आता कोण उठतं. शेगडीतलं लाकूड तडकलं. तेगिद अर्धा उठला, लहान कॅरल होतंच की त्यांच्याकडे. इद्वलनं मान हलवली. तेगिद बसला. शांतता एवढी लांबली की शेवटच्या मेळ्यातल्या बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं आणि चोरासारख्या उठल्या. दुसऱ्या फेरीतही हेंद्रेचा बाक हलला नाही.

नंतर शाळेच्या खोलीत जेवण. थंड हॅम, लोणच्यातलं बीट, बारा ब्रिथ नावाच्या मनुकांच्या पावाचे लोणी लावलेले काप, मोठ्या किटलीतला चहा. मेलेरी चहा वाढत होती, म्हणजे किटलीआड लपली होती. येस्टिन ताटली घेऊन सरळ इद्वलपाशी आला.

"तुम्ही मेलेरीचे बाबा! आम्हाला वाटलं तुम्हीही गाता."

"गातो कधीमधी."

"मग आज?"

"आज घसा बसलाय."

"आमचं कसं झालं? खरं सांगा हं."

आजूबाजूचे कप थांबले. इद्वलनं हॅमचा एक जाड काप उचलून येस्टिनच्या ताटलीत ठेवला. "आवाज चांगले आहेत तुमचे. मधली कडवी राहिली. पुढच्या वेळी घ्या ती. साप गाळला, तर गोठ्यात का आलो ते कळत नाही."

"तुम्हाला येतं हे?"

"थोडंफार."

"थोडंफार!" तेगिद हसला, आणि ते हसणं ऐकवत नव्हतं.

"तेगिद, खुर्च्या आण रे," ओल्वेन म्हणाली.

येस्टिन वकिलाच्या कचेरीतला माणूस. त्यानं इद्वलकडे पाहिलं, तेगिदकडे पाहिलं, थांबलेल्या कपांकडे पाहिलं. "मेलेरी," तो म्हणाला, "हे कॅरल कोणाचं आहे?"

ती त्याच्या कपात चहा ओतत होती. कप भरला, बशी भरली, चहा टेबलावर आला.

"चहा घे," ती म्हणाली, किटली ठेवली, आणि दाराबाहेर गेली.

मागे ॲन्वेनबाईंचा आवाज आला, "हेंद्रेचं आहे ते, बाळा. तिकडे कोणी सांगितलं नाही का तुम्हाला?"

मी मेलेरीचा कोट घेऊन धावले. इद्वल माझ्याआधीच निघून आला होता, न जेवता. प्लगाइनच्या जेवणातून हेंद्रेवाला उपाशी उठला, हेही खोऱ्यात पहिल्यांदाच. लँडरोव्हरचं दार उघडून तो उभा होता, आणि ती त्याच्यासमोर. मी कोट छातीशी धरून भिंतीपाशी थांबले.

"मागितलं असतंस तर दिलं असतं मी," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"मग?"

"मागितलं असतं तर तुम्ही विचारलं असतंत, का हवंय."

"विचारलंच असतं. का हवं होतं?"

ती एकदम बोलली. रडत नव्हती, रडली असती तर ऐकायला सोपं गेलं असतं. "मला आपली लाज वाटते, बाबा. दुकानात वाटते. त्या मंडळींतसुद्धा वाटते. माझ्या बोलण्याची, तुमच्या या कोटाची, फोनवर तुम्ही ओरडून बोलता त्याची. आणि हे कॅरल तेवढं असं होतं की त्याची लाज नाही वाटली. म्हणून ते दिलं."

इद्वलनं आपल्या कोटाकडे पाहिलं. बाहीला दोरी बांधलेली होती, बटण तुटलं म्हणून.

"म्हणजे चांगलं होतं ते तिकडे गेलं," तो म्हणाला, "आणि आम्ही राहिलो."

"बाबा, तसं नाही..."

"मेंढ्यांना चारा टाकायचाय." तो आत बसला. गाडी सुरू व्हायला वेळ लागला, नेहमीसारखा, आणि तेवढा वेळ दोघं काचेच्या दोन बाजूंना एकमेकांकडे न बघता थांबली.

लिव्हरपूलला परत आल्यावर येस्टिन आणि माबली आमच्या दाराशी आले. आत या म्हटलं तरी आले नाहीत.

"आम्ही ते पुन्हा गाणार नाही," येस्टिन म्हणाला. "तुझ्या बाबांना फोन करून माफी मागितलीय मी."

"काय म्हणाले?"

"सापाचं कडवं सांगू का, म्हणाले." तो मफलरचं टोक पिळत होता. "त्या माणसाच्या तोंडावर मी विचारलं, तुम्हाला येतं का! तू आम्हाला चोर केलंस गं, मेलेरी. आणि आम्हाला कळूसुद्धा दिलं नाहीस."

माबली त्याच्या मागे उभी होती. रडून तिचं नाक लाल झालं होतं.

दुकानात डेनिझ विचारायची, "काय गं, मेंढ्या गप्प का आज?" मेलेरी म्हणायची, "हो." विनोद बंद झाले. रविवारी वडिलांचा फोन यायचा, तोही बंद झाला. ती रविवारी फोन समोर ठेवून बसायची. मी म्हणायची, तू कर. ती म्हणायची, कोणत्या तोंडानं करू?

जानेवारीच्या शेवटी, घाटापलीकडच्या छोट्या चर्चमध्ये हंगामातली शेवटची प्लगाइन असते. मी म्हटलं, मी जातेय, माझी गाडी आहे, यायचं तर ये. ती येऊन गाडीत बसली. आत आम्ही अगदी मागे बसलो, खांबाआड. ओल्वेननं एकदा वळून पाहिलं आणि पुन्हा पुढे तोंड केलं. इद्वलला सांगितलं की नाही, पाठीवरून कळेना.

शेवटून दुसरे, हेंद्रेवाले उठले. बाप आणि लेक. इद्वल डावीकडे उभा राहिला, तेगिद उजवीकडे, आणि मधे जागा. सवयीनं असेल, मी मनात म्हटलं. दोघांनी ते लहान कॅरल गायलं आणि परत येऊन बसले.

दुसरी फेरी. पुन्हा शेवटून दुसरे, पुन्हा इद्वल उठला. तेगिदनं त्याच्याकडे पाहिलं, कारण आता गाण्यासारखं उरलं काय होतं? लहान झालं होतं, ते पुन्हा गाता येत नाही. मोठं दोघांना गाता येत नाही. तरी इद्वल पुढे गेला, म्हणून तेगिद गेला. डावीकडे, उजवीकडे. मधली जागा या वेळी जास्तच मोठी होती.

इद्वलनं खिशातून नादकाटा काढला. वाजवला नाही. हातात धरून उभा राहिला, समोरच्या भिंतीकडे बघत.

"जा," मी म्हटलं.

"मला बोलावलं नाहीये."

"इथे कोणालाच बोलावत नाहीत, गाढवे. तूच शिकवलंस ना त्या कार्डिफवाल्यांना?"

"सगळे बघतील."

"बघू देत."

बाकाच्या कडेवर तिची बोटं पांढरी झाली होती. अख्खं चर्च पुन्हा हातमोज्यांकडे आणि छताकडे बघायला लागलं होतं. तेगिदनं घसा खाकरला. इद्वल तसाच उभा, त्या कोटात, बाहीला दोरी.

ती उठली. दगडी फरशीवर तिचे बूट असे वाजले की मलाच कुठे लपावं असं झालं. चालताना ती कोणाकडे बघत नव्हती. मधल्या जागेत जाऊन उभी राहिली, तेगिद अंग चोरून थोडा लांब सरकला. पावलं थांबल्यावर इद्वलनं नादकाटा गुडघ्यावर आपटला. एरवी तो स्वतःच्या कानाला लावतो. त्या दिवशी तिच्याकडे न पाहता तिच्या कानापाशी धरला.

सगळी कडवी झाली. साप, सफरचंद, सगळं. पहिल्या कडव्यात तिचा आवाज चिरकला आणि पुढच्यात सापडला. गोठ्यापाशी चढला आणि तिथेच राहिला. पण चेहरा पहिल्यापासून शेवटपर्यंत तापलेला होता, आणि नजर फरशीवरून एकदाही वर आली नाही.

परत येताना ती गोंधळली. मागे माझ्यापाशी यायचं, की तिकडे? इद्वल बाकात शिरला, तेगिद शिरला आणि कडेलाच बसला, पाय पसरून. ती त्याच्या शेजारी उभी. तो हलेना. पुढचा मेळा उठायचा थांबला होता.

ओल्वेननं नवऱ्याच्या पुढून हात लांबवून लेकाच्या बरगडीत बोट खुपसलं. तेगिद सरकला. फार नाही, थोडासाच. तेवढ्या जागेवर, निम्मी बाहेर लोंबकळत, मेलेरी शेवटच्या कॅरलपर्यंत बसून राहिली.